‘बाप्तिझो’ : एका ग्रीक क्रियापदाची कुळकथा



आपल्या मराठीतील ‘बुडणे’ हे साधेसुधे क्रियापद घ्या. नाव बुडते, सूर्य बुडतो, हे तर खरेच. पण पेढीही बुडते, ऋणको कर्जात बुडतो, विद्यार्थी शाळा बुडवतो आणि भक्त नामस्मरणात बुडून जातो. या पुढच्या साऱ्या उदाहरणांत पाण्याचा एक थेंबही नाही. तरीही ऐकणाऱ्याचा क्षणभरही घोटाळा होत नाही. मूळ अर्थ पाण्याखालच्या खडकासारखा स्थिर असतो आणि त्याच्यावरून लक्षणेच्या लाटा एकामागून एक जात राहतात.

मराठीतील या क्रियापदाला शोभेल असे एक भावंड प्राचीन ग्रीक भाषेत होते. त्याचे नाव ‘बाप्तिझो’. आज जगातील शेकडो भाषांत त्याचे वंशज आढळतात. मराठीतील ‘बाप्तिस्मा’ हा त्यांपैकीच एक. परंतु आज ज्या अर्थाने हा शब्द ओळखला जातो, तो अर्थ त्याच्या जन्माच्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता. खलाशांच्या, वैद्यांच्या आणि मद्यपींच्या तोंडी असलेला हा शब्द उपासनामंदिरात कसा गेला, आणि तेथे गेल्यावर त्याच्या अर्थासाठी माणसांनी एकमेकांचे प्राण घेण्यापर्यंत मजल कशी गाठली, याची ही हकिगत आहे.

या क्रियापदाचा जनक ‘बाप्तो’ हा त्याहून लहान आणि त्याहून जुना शब्द होय. त्याचा अर्थ बुचकळणे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या नवव्या सर्गात तो एका लोहाराच्या उपमेत आला आहे. एकाक्ष राक्षसाच्या डोळ्यात तापलेला सुळका खुपसला तेव्हा जो चरचराट झाला, तो कसा, तर लोहार तापलेली कुऱ्हाड गार पाण्यात बुचकळतो तेव्हा होतो तसा. लोखंडाला बळ येते ते या पाणी देण्यानेच, असेही कवी तेथे सांगून जातो. आपल्याकडील लोहारही पात्याला ‘पाणी देतात’. दोन्ही देशांच्या कारागिरांचा अनुभव एकच होता.

पुढे हाच ‘बाप्तो’ रंगाऱ्यांच्या हाती गेला. कापड रंगात बुचकळायचे, म्हणून बुचकळणे म्हणजेच रंगवणे असा अर्थ रूढ झाला. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात हा व्यवसाय शिक्षणाच्या दृष्टान्तासाठी घेतला आहे. जांभळा रंग पक्का बसावा म्हणून रंगारी आधी पांढरी लोकर निवडतो, तिच्यावर निगुतीने पूर्वसंस्कार करतो आणि मगच ती रंगात बुडवतो. मग ती कितीही धुतली तरी रंग जात नाही. राज्याच्या रक्षकांना लहानपणापासून दिलेले शिक्षणही असेच पक्के बसले पाहिजे, म्हणजे सुखाच्या, दुःखाच्या आणि भयाच्या धुण्याने ते उतरणार नाही, असा प्लेटोचा आशय आहे. आजच्या ग्रीसमध्ये या घराण्यातील ‘वाफो’ हे क्रियापद रंगवण्यासाठीच वापरले जाते.

‘बाप्तो’ला एक प्रत्यय लागून ‘बाप्तिझो’ झाला. वैयाकरणांनी या प्रत्ययाच्या शक्तीविषयी पुष्कळ चर्चा केली आहे. पण प्रत्यक्ष वापर पाहिला तर एक भेद सहज नजरेत भरतो. ‘बाप्तो’मध्ये वस्तू बुचकळून लगेच बाहेर काढायची असते. ‘बाप्तिझो’मध्ये ती बहुधा बुडालेलीच राहते, पाण्याने तिच्यावर मात केलेली असते. म्हणूनच इतिहासकार पॉलिबियस याने इ. स. पूर्व २४९ मधील द्रेपाना येथील सागरी युद्धाचे वर्णन करताना, शत्रूंची गलबते कार्थेजच्या आरमाराने बुडवली, हे सांगण्यासाठी हेच क्रियापद योजले. हिप्पोक्रटीसच्या नावावर चालणाऱ्या वैद्यकग्रंथांत एका रोग्याचा श्वास, बुडालेला मनुष्य वर आल्यावर घेतो तसा होता, अशी नोंद आहे. तेथेही शब्द हाच.

मात्र या क्रियापदाला सर्वांग पाण्याखाली जाण्याची अट सदैव होती, असेही म्हणवत नाही. त्याच पॉलिबियसने इ. स. पूर्व २१८ मधील त्रेबिया नदीची कथा सांगितली आहे. पावसाने फुगलेल्या त्या नदीतून रोमन पायदळ पार होत असता सैनिक छातीपर्यंत पाण्यात बुडाले होते, असे तो म्हणतो. छातीपर्यंत, हे त्याला निराळे सांगावे लागले, ही गोष्टच बोलकी आहे. शब्दाचा स्वाभाविक कल पूर्ण बुडण्याकडे होता; मर्यादा सांगायची तर ती शब्दांत सांगावी लागे. या लहानशा पुराव्यावर पुढे किती मोठा वाद उभा राहणार होता, याची त्या सेनापतींना कल्पना कोठून असणार!

आता लाक्षणिक अर्थांकडे वळू. हा भाग विलक्षण मनोरंजक आहे, कारण येथे ग्रीक आणि मराठी यांचे मन जणू एकाच मुशीतून निघालेले दिसते. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये नाटककार ॲरिस्टोफेनीस आदल्या रात्रीच्या मद्यपानाविषयी बोलताना, कालच्या बुडालेल्यांपैकी आपणही एक, अशी कबुली देतो. प्लुटार्क रोमन सेनानी ओथो याच्याविषयी लिहितो की, तो पाच कोटींच्या कर्जात बुडालेला होता. आपण म्हणतो ‘कर्जात बुडालेला’; प्लुटार्कने जे म्हटले ते अक्षरशः तेच. डायोडोरस हा इतिहासकार इजिप्तच्या राजांची वाखाणणी करताना सांगतो की, त्यांना स्वतंत्र उत्पन्न असल्यामुळे ते प्रजेला करांत बुडवीत नाहीत.

पण या सर्वांत हृदयस्पर्शी उपयोग शिक्षणाच्या संदर्भातले आहेत. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात दोन वादपटू पंडित क्लिनियस नावाच्या एका कोवळ्या मुलाला उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडतात. प्रत्येक उत्तर चूक ठरवले जाते आणि भोवतालचे लोक हसतात. तेव्हा हे पोर बुडू लागले आहे हे ध्यानी घेऊन सॉक्रेटिस मध्ये पडतो आणि त्याला जरा उसंत देतो. ‘बाप्तिझो’चे रूप तेथे आहे. दुसरा उपयोग मुलांच्या शिक्षणावरील एका ग्रीक निबंधात आहे. तो प्लुटार्कच्या नावावर मोडतो. माफक पाण्याने रोपे वाढतात आणि अतिपाण्याने गुदमरतात. तसेच माफक श्रमाने मन वाढते आणि अतिश्रमाने ते बुडते, असा तेथील विचार आहे. दप्तराचे ओझे आणि गुणांची चढाओढ यांत आजची मुले बुडत असताना, हे दोन उतारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत यावर विश्वास बसू नये, इतके ते ताजे वाटतात.

येथवर हा शब्द सर्वस्वी लौकिक होता. त्याला धार्मिक वळण लागले ते यहुदी लोकांच्या हातून. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुद्यांनी आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणण्यास प्रारंभ केला. त्या भाषांतरात नामान नावाच्या अरामी सेनापतीची कथा आहे. महारोगाने पीडलेल्या या सरदाराला अलीशा संदेष्ट्याने यार्देन नदीत सात वेळा स्नान करण्यास सांगितले. आमच्या देशात याहून चांगल्या नद्या आहेत, असे म्हणून तो प्रथम रागावला. पण सेवकांच्या विनवणीवरून पाण्यात उतरला, सात बुड्या मारल्या आणि बरा झाला. या बुड्यांसाठी भाषांतरकारांनी ‘बाप्तिझो’ योजला. त्याच भाषांतरात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, अधर्म मला बुडवीत आहे, असाही त्याचा प्रयोग आहे. म्हणजे एकाच ग्रंथसंग्रहात हा शब्द एके ठिकाणी तारतो आणि दुसऱ्या ठिकाणी घात करतो.

नव्या करारात हा शब्द आला तेव्हा ही दोन्ही स्वरूपे त्याच्याबरोबर आली. बाजारातून आल्यावर शुद्धीसाठी पाणी घेणे, जेवणापूर्वी धुणे, अशा घरगुती अर्थानेही तो मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आढळतो. पण यार्देनच्या काठी उभ्या राहिलेल्या योहानामुळे त्याला नवे तेज चढले. यहुदी मनुष्य शुद्धिस्नान करी ते स्वतःच, आणि पुनःपुन्हा. योहानाकडे लोक येत ते त्याच्या हातून स्नान घेण्यासाठी, आयुष्याचा मार्ग बदलल्याची खूण म्हणून. ही गोष्ट लोकांना इतकी निराळी वाटली की, त्या क्रियेवरूनच त्याचे नाव पडले. योसेफस हा यहुदी इतिहासकारही त्याचा उल्लेख त्याच उपनावाने करतो.

दुसऱ्या बाजूने, येशूने आपल्या भावी यातनांविषयी बोलताना, ज्या बाप्तिस्म्याने माझा बाप्तिस्मा होणार आहे तो तुमच्याने सोसवेल काय, अशा आशयाचा प्रश्न शिष्यांना केला. येथे पाणी नाही, नदी नाही. संकटाच्या पुरात बुडून जाण्याचा तो जुनाच ग्रीक अर्थ आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हे दोन्ही प्रवाह एकत्र केले. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताच्या मरणात जाणे आणि बाहेर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे, अशी त्याची मांडणी आहे. गलबते बुडवणारा शब्द आणि नामानाला बरा करणारा शब्द येथे एक झाला. ज्याला हा शब्द केवळ ‘धुणे’ या अर्थाने ठाऊक आहे, त्याला पौलाचे ते वाक्य अर्धेच कळते.

क्रिया रूढ झाली की तिचे नियम येतात. १८७३ साली फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपल येथील एका ग्रंथालयात १०५६ सालचे एक हस्तलिखित सापडले. त्यात ‘दिदाखे’ नावाची अत्यंत प्राचीन शिकवणपोथी होती. ती १८८३ साली छापली गेली. तिच्या सातव्या प्रकरणात या विधीची रीत दिली आहे. वाहत्या पाण्यात द्यावा; वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात; थंड नसेल तर उष्ण पाण्यात; आणि दोन्ही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीन वेळा पाणी ओतावे. शब्द ‘बुडवण्या’चा आणि कृती ‘ओतण्या’ची! तरी त्या पोथीच्या कर्त्याला यात विसंगती वाटली नाही. कारण त्याच्या काळापर्यंत शब्दाचा अर्थ पाण्याच्या खोलीवरून हलून विधीच्या हेतूवर स्थिरावला होता. शाळा बुडवणाऱ्या मुलाला, शाळा कोणत्या नदीत बुडवलीस, असे आपण विचारीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

यापुढे प्रश्न आला तो भाषांतराचा. लॅटिन ख्रिस्ती लेखकांत तर्तुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. बुडवणे, भिजवणे अशा अर्थाची अस्सल लॅटिन क्रियापदे त्याने वापरून पाहिली. परंतु शेवटी लॅटिनने ग्रीक शब्दच जसाच्या तसा उचलला. गॉथ लोकांसाठी चौथ्या शतकात भाषांतर करणाऱ्या उल्फिलाने मात्र खोलीशी नाते असलेला स्वभाषेतील शब्द पत्करला; आजच्या जर्मनमधील शब्द त्याच कुळातला आहे. रशियन भाषेने क्रुसावरून शब्द बनवला. आइसलँडच्या भाषेने ‘स्वच्छ करणे’ हा अर्थ पुढे केला. तमिळ ख्रिस्ती लोकांनी ‘ज्ञानस्नानम्’ असा सुंदर समास घडवला. एकाने पाण्याची खोली पाहिली, दुसऱ्याने क्रूस, तिसऱ्याने निर्मळता, चौथ्याने ज्ञान. मूळ शब्दाचा प्रत्येकाला एकेक पैलू लाभला. सगळे पैलू कोणालाच लाभले नाहीत.

हा मतभेद कोशांपुरता राहिला असता तर बरे झाले असते. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमधील झुरिच नगरात काही तरुणांनी, अजाण बालकांना दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे म्हणून जानेवारी १५२५ मध्ये प्रौढांना तो देण्यास आरंभ केला. विरोधकांनी त्यांना नाव ठेवले तेही याच ग्रीक शब्दाला ‘पुन्हा’ या अर्थाचा उपसर्ग लावून. नगरसभेने १५२६ साली फर्मान काढले की, जो पुन्हा बाप्तिस्मा देईल त्याला बुडवून मारावे. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ या विद्वान तरुणाला लिमात नदीत बुडवण्यात आले. त्याच्या पंथात विधीच्या वेळी बहुधा मस्तकावर पाणीच ओतीत. बुडवले ते न्यायासनाने. उपासनेत शिरताना या शब्दाने मागे टाकलेला जुना प्राणघातक अर्थ दीड हजार वर्षांनी अशा क्रूर रीतीने परत आला. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते, याचे याहून दारुण उदाहरण शोधावे लागू नये.

हिंदुस्थानातही या क्रियापदाने एक वाद पेटवला. सुदैवाने तो कागदावरच राहिला. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे पूर्ण बुडवण्याचा आग्रह धरणाऱ्या पंथाचे. मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली छापणारे ते हेच केरी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगाली भाषांतरात हे क्रियापद ‘बुडवणे’ अशा देशी शब्दाने आणले. इतर पंथांना ते रुचले नाही. ग्रीक शब्द तसाच ठेवा, किंवा सर्वांना चालेल असा शब्द घ्या. नाहीतर पैसा मिळणार नाही, अशी भूमिका लंडनच्या बायबल सोसायटीने घेतली. १८३६ साली अमेरिकेतील सोसायटीनेही त्याच स्वरूपाचा ठराव केला. परिणामी ‘बुडवणे’वाल्यांनी अमेरिकेत १८३६ साली आणि इंग्लंडमध्ये १८४० साली आपापल्या निराळ्या संस्था काढल्या. एका क्रियापदाच्या भाषांतरावरून दोन खंडांत दोन संस्था उभ्या राहाव्यात, ही भाषेच्या इतिहासातील दुर्मीळ घटना म्हटली पाहिजे.

दोन्ही बाजूंना आपापले बळ होते. भाषांतर म्हणजे अर्थ सांगणे. न सांगता शब्द तसाच ठेवणे म्हणजे वाचकाला दाराबाहेर उभे करणे, असे एक पक्ष म्हणे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, शब्दाचा अर्थ केवळ धातूत नसतो, तो शतकानुशतकांच्या वापरातही असतो. एकच देशी शब्द निवडला की बाकीच्या अर्थांचा दरवाजा बंद होतो. पहिल्याला धातू दिसत होता, दुसऱ्याला रूढी. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी योग आणि रूढी असा जो भेद केला आहे, त्याचीच ही दूरदेशीची आवृत्ती होय.

मराठीने दुसरा मार्ग धरला. ‘बाप्तिस्मा’ हे ग्रीक नाम तिने जवळजवळ मुळाबरहुकूम घेतले. मात्र क्रियापद घेतले नाही. नामाला ‘देणे’ आणि ‘घेणे’ ही आपली घरची क्रियापदे जोडली. त्यामुळे झाले काय, तर मूळची बुडवण्याची क्रिया मराठीत देण्याघेण्याची झाली, दीक्षेसारखी. गोव्याच्या कोकणीत हाच शब्द पोर्तुगीजच्या वाटेने आला, तर मराठी कॅथॉलिकांत ‘स्नानसंस्कार’ हा संस्कृत वळणाचा शब्दही चालतो.

पण मराठी समाजात या शब्दाची खरी कसोटी भाषांतरात नव्हे, घरात लागली. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने तो नवा जन्म होता. लक्ष्मीबाईंच्या आणि आप्तांच्या घरात मात्र आकांत झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे. अशा प्रसंगी त्या काळचा समाज ‘कूळ बुडाले’ असे म्हणे. तेथे ग्रीक भाषा कोणाला येत नव्हती. तरीही एक जण ज्या क्रियेला तरणे म्हणतो, तिलाच दुसरा बुडणे म्हणतो, हे या क्रियापदाचे मूळ द्वंद्व मराठी माजघरात जसेच्या तसे उभे राहिले. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः तीच वाट धरली, पण मधल्या वर्षांचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही.

आजच्या ग्रीक भाषेत हे क्रियापद ‘वाफ्तिझो’ असे उच्चारले जाते. बाप्तिस्म्याबरोबर बालकाला नाव मिळते, म्हणून ‘नाव ठेवणे’ हाही अर्थ त्याला चिकटला आहे. एखाद्याने सोयीसाठी खोटे नाव दिले तर, त्याने मांसाला मासळी म्हणून बाप्तिस्मा दिला, असे ग्रीक लोक हसत म्हणतात. उपवासाच्या दिवशी मांस खाण्याची ती युक्ती! होमरच्या लोहाराच्या हौदापासून निघालेला शब्द अशा रीतीने स्वयंपाकघरातील थट्टेपर्यंत पोहोचला आहे.

या कुळकथेवरून एक गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे. शब्दाचे मूळ जाणणे इष्ट आहे, पण मुळावर बोट ठेवून, हाच एक खरा अर्थ, असे म्हणणे हा ज्ञानाचा नव्हे, अहंकाराचा मार्ग आहे. आपल्याच घरातील दाखला पाहावा. ‘निष्णात’ या संस्कृत शब्दाचा धात्वर्थ नीट न्हालेला, खोल स्नान केलेला, असा आहे. एखाद्या निष्णात वैद्याला बोलावताना त्याने स्नान केले आहे की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. आणि तरीही, विद्येत बुडी मारल्यावाचून कोणी निष्णात होत नाही, ही त्या शब्दातील जुनी जाणीव आजही खरीच आहे. धातू आणि रूढी या दोघांनाही ज्याच्या घरी जागा आहे, त्यालाच भाषा आपले सगळे धन दाखवते. झुरिचच्या नगरसभेला एवढे उमगले असते तर लिमातच्या पाण्यात एक तरुण जीव गेला नसता.